दहावा कोण?

भजनी मंडळात एक माणूस असा असतो, की त्याला गाता येत नाही, पखवाज वाजवता येत नाही, हातात टाळ दिला तर तो भलत्याच मात्रेवर पडतो. पण तो नसेल तर भजन होत नाही. सतरंजी त्याच्याकडे, पेटीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे, आणि पखवाजवाला अजून का आला नाही याची काळजी साऱ्या गावात फक्त त्याला. सातारा-सांगलीकडे या माणसाला पदवी वगैरे नाही. तो कोपऱ्यावर दिसला की लोक ‘आला परत’ एवढंच म्हणतात आणि आतल्या खोलीत जातात.

गणेश मंडळात तो असतो, भिशीत असतो, दहावीच्या बॅचच्या मेळाव्यात तर असतोच असतो. पण या जातीचा अस्सल नमुना बघायचा तर तो ज्यूंमध्ये बघावा. आपलं भजन पाच जणांत उरकतं. फारच झालं तर दोघांत. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला जुन्या रीतीप्रमाणे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. या दहांच्या बैठकीला मिन्यान म्हणतात. नऊ महापंडित जमले तरी ते नऊच. दहावा अगदी अडाणी असला, पेंगत बसला, तरी चालतो, पण लागतो. म्हणजे जमवणाऱ्याचा छंद इथे थेट धर्मशास्त्रातच बसवलेला आहे.

आता साताऱ्यात सिनेगॉग नाही आणि सांगलीतही नाही. जवळातलं जवळ म्हणजे पुणे : दाऊद ससूननी बांधलेलं कॅम्पातलं लाल देऊळ, १८६७ सालचं, आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो. साताऱ्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. या भूगोलात ज्याला दहा माणसं जमवायची आहेत, तो आमचा नायक. त्याला आपण काका म्हणू. हे काका म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. थोडे रास्ता पेठेतले, थोडे अलिबागचे, थोडे ठाण्याचे असे गोळा करून मी त्यांना साताऱ्याच्या सदर बझारात भाड्यानं घर घेऊन दिलं आहे. आडनाव पेणकर, दिवेकर, तळकर, रोहेकर यांतलं आवडेल ते लावा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींच्या, आडनावांची यादी वाचताना रायगड जिल्ह्याचं एसटीचं वेळापत्रक वाचल्याचा भास होतो.

काका पाटबंधारे खात्यातले. कोयनानगर, सांगली, मिरज अशा बदल्या झाल्या आणि निवृत्त झाले ते साताऱ्यातच राहिले. कारण विचारलं तर म्हणतात, ‘हवा चांगली आहे.’ खरं कारण काकू सांगतात : ‘हे म्हणाले, आपण गेलो तर इथला आकडा शून्यावर येईल.’

त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर एक बोटभर लांबीची तिरकी डबी ठोकलेली आहे. तिच्यात धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी असते. जाता-येता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. नवा पोस्टमन पहिला महिनाभर ती बेल समजून दाबत असे. काकांनी त्याला चूक दाखवली नाही. उलट, ‘हात लावलास ना, आता चहा घेऊनच जा,’ म्हणून आत बसवलं आणि वय विचारलं.

वय विचारणं ही काकांची सवय. आयुर्विमा महामंडळाची एक जुनी डायरी त्यांच्याकडे आहे. तिच्यात कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत ओळखीतल्या प्रत्येक ज्यू पुरुषाची नोंद : बदली कुठे, फोन कोणता, गुडघे कसे आहेत, शनिवारी सुट्टी मिळते का. कोणाच्या घरी मुलगा झाला, की काका बारशाला जातात, बाळाच्या हातावर पैसे ठेवतात आणि घरी येऊन जन्मसालात तेरा मिळवून आकडा लिहितात. डायरीच्या शेवटच्या पानावर त्यामुळे पुढल्या बारा-तेरा वर्षांचं अंदाजपत्रक तयार आहे. खात्यातली सवय. धरण भरायला किती पावसाळे लागतील, हे काढण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला ही बेरीज अवघड नाही. वजाबाकी मात्र त्यांना जमत नाही. कोणी इस्राएलला निघालं, की ते स्टेशनवर जातात, हार घालतात, आणि परत येताना अख्ख्या वाटेत बोलत नाहीत.

आपल्या पूर्वजांची हकिगतही ते याच हिशेबानं सांगतात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरा आहे. पुढे कोकणात त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ही कथा ऐकताना ऐकणारा हळवा होतो. काका मात्र कपाळाला हात लावतात : ‘सातच पुरुष! म्हणजे पहिल्या दिवसापासूनच तीन कमी.’

या वेडापायी लोक त्यांना हसतात; मीही हसलो आहे. पण त्यामागचं एक कारण ते कोणाला आपणहून सांगत नाहीत. मेलेल्या आई-बापासाठी मुलानं म्हणायची ‘कद्दिश’ नावाची प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही. त्यालाही दहा लागतात. तेव्हा वडिलांच्या तिथीला काका पहाटेची पुण्याची एसटी पकडतात. तिथेही कधी आठच असतात. मग ते रास्ता पेठेत घरोघर फिरून कोणाला तरी आंघोळीतून बाहेर काढतात.

दहा काही साताऱ्यात जमले नाहीत. पण शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जेवायला दहाच्या खाली पानं कधी पडत नाहीत, आणि गंमत सगळी तिथे आहे.

शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो. काकूंची तयारी मात्र गुरुवारी रात्रीच सुरू होते. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षारस हवा. धर्माच्या कसोटीला उतरणारी दारू इकडे मिळत नसे, म्हणून कोकणातल्या ज्यूंनी मनुकांच्या सरबतावर भागवलं. तासगावचा काळा बेदाणा रात्री भिजत घालायचा. सकाळी तो टम्म फुगलेला असतो. तो हातानं कुस्करायचा, इतका की सालं तेवढी बोटांत राहावीत. मग मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचा. फडकं जांभळं होतं, काकूंची बोटं शनिवारपर्यंत जांभळी राहतात. सोबत कापडाखाली झाकलेल्या दोन चपात्या. चपात्याच, कारण या आशीर्वादाला गहू चालतो, ज्वारी चालत नाही. हे वाक्य साताऱ्यात मोठ्यांदा उच्चारायची काकांची छाती नाही, म्हणून भाकरी वेगळ्या ताटात, मानानं ठेवलेली असते.

मटण नसतं. बकरा धर्माच्या रीतीनं कापणारा माणूस इथे नाही. ‘पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं, तेव्हा मटणाबरोबर दूध खाल्ल्याचा दोष त्याला लागत नाही. खोळंबा फक्त बकऱ्याशी आहे,’ असं काका सुस्कारा टाकून सांगतात. सांगली-मिरजेत इतकी वर्षं नोकरी करून हा माणूस माळ न घालता माळकरी झाला. मटणच नाही म्हटल्यावर जेवणानंतर कंदी पेढा खायला मात्र धर्माची आडकाठी उरत नाही. तेवढं सातारा त्यांना भरपाई म्हणून देतो.

पंक्तीला कोण? शेजारचे मास्तर. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. एक कीर्तनकार बुवा. बेदाणा आणून देणारा तासगावचा बागायतदार. तो आठवड्याला साताऱ्यात येण्याची काहीतरी सबब काढतोच. शिवाय ज्याच्या घरी गॅस संपला आहे असा कोणीही. बागायतदार ठिबक सिंचन बघायला शेतकऱ्यांच्या सहलीतून इस्राएलला जाऊन आलेला आहे. काका कधीच गेलेले नाहीत. त्यामुळे येरुशलेमच्या बाबतीत घरातला अधिकारी पुरुष तो. काकांनी पहिल्या भेटीत गहिवरून विचारलं, ‘पश्चिमेची भिंत बघितलीत?’

‘बघितली की. दगड चांगलाय.’

‘आणखी?’

‘लोक चिठ्ठ्या खुपसत होते. मीपण खुपसली. बेदाण्याला भाव मिळू दे म्हटलं.’

काकांनी त्याला त्याच दिवशी कायमचं आमंत्रण दिलं. व्हॉट्सॲपवर ‘शब्बाथ शालोम सातारा-सांगली’ नावाचा गट आहे, त्यात ज्यूंपेक्षा इतर चौपट. सभासद होण्याची अट एकच, शुक्रवारी येणार की नाही ते दुपारी सांगायचं. कंडक्टर मोजदाद करतात. हयात त्यातच गेलेली. ‘काका, गाडी फुल्ल आहे. त्यात तुमच्या पासवाले तीन.’

या तीनांच्या घरी एकदा एक हसिद, म्हणजे हसिदी पंथाचा ज्यू, पाहुणा आला. तो कुठून आला? तर पुण्याहून. तिथे कोरेगाव पार्कात चाबादचं घर आहे. चाबाद हा हसिदी पंथ. हसिदी परंपरेचा मूळ पुरुष बाल शेम तोव आजच्या युक्रेनमधल्या एका गावी राहत असे. तो वारला १७६० साली, म्हणजे पानिपतच्या आदल्या वर्षी. त्या काळी ज्ञान पंडितांच्या पोथ्यांत अडकलेलं होतं. यानं सांगितलं, की देवाला अडाणी माणसाचा आनंदही पोहोचतो. गा, नाचा, एकत्र जेवा. शब्द येत नसतील तर बिनशब्दांची चाल गुणगुणा. चंद्रभागेच्या वाळवंटात वाढलेल्या आपल्या माणसाला यात परकं काय वाटावं? त्या परंपरेत १७७५च्या सुमारास श्नेउर झाल्मन यांनी चाबादची शाखा काढली. विसाव्या शतकात ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थिरावली. तिथले रेब्बी मेनाकेम मेंडल श्नेर्सन (१९०२–१९९४) यांनी जगभर तरुण जोडपी धाडण्याचा सपाटा लावला. नवरा-बायकोनं परक्या गावी जायचं, घर मांडायचं, दार उघडं ठेवायचं, येईल त्याला जेवू घालायचं. आणि जायचं ते बहुधा कायमचं. सरकारी नोकरीसारखंच, पण बदलीचा अर्ज करायचा नाही, असलं हे खातं.

अशा तरुणाची आणि काकांची गाठ पडली तर काय होईल? चोराच्या वाटा चोराला ठाऊक. पुण्याच्या उन्हात काळी हॅट, काळा लांब कोट, छातीवर रुळणारी दाढी, वय पंचविशीचं. तो रस्त्यात काकांना आडवा येतो आणि विचारतो, ‘आपण ज्यू आहात का? आज तेफिलिन बांधलंत का?’ तेफिलिन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या. काकांच्या डोळ्यांत पाणी. साताऱ्यात उभ्या हयातीत त्यांना ‘ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?’ एवढंच विचारलं गेलेलं. ते बाही वर करता करता दुसऱ्या हातानं डायरी काढतात : ‘पुढच्या शनिवारी साताऱ्याला मोकळे आहात का?’ त्याच वेळी त्यानंही फोन काढलेला असतो, काकांचं नाव आपल्या यादीत घालायला. दोघांनाही वाटतं, आपला दहावा सापडला.

काकूंचं मत वेगळं. ‘आपण बेने इस्राएल खरे ज्यू आहोत की नाही, हे ठरवायला इस्राएलातल्या धर्मपंडितांनी १९६४ साल उजाडू दिलं. संसदेला ठराव करावा लागला. आणि आता हा पोरगा रस्त्यात विचारतो, ज्यू आहात का!’ मला काकूंचं म्हणणं पटतं. बाहेरून आलेल्याला घरच्यांना शिकवायची घाई असते. पण पोरगा काकूंपुढे शिकवायला बसलाच नाही. शनिवारी वाहनात बसता येत नाही म्हणून तो शुक्रवारी दुपारीच आला, स्वतःचं भांडं घेऊन आला, आणि बेदाण्याचं सरबत चाखून म्हणाला, ‘हे माझ्या बायकोला शिकवाल का?’ काकूंचा विरोध फडक्यातून गळून गेला.

त्या रात्री त्यानं काकांना मोजायची रीत शिकवली. माणसं आकड्यांनी मोजू नयेत असा ज्यूंचा संकेत आहे. पूर्व युरोपातले लोक म्हणून ‘एक नाही, दोन नाही, तीन नाही’ असं म्हणत मोजतात. काका थक्क झाले. बागायतदार मात्र थक्क झाला नाही. ‘आमच्यातबी खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात,’ तो म्हणाला. कंडक्टरांनी दोन्ही रीती जोडून टाकल्या आणि पंगत ‘लाभ नाही’पासून मोजायला घेतली. त्यांना थांबवावं लागलं.

मग त्या तरुणानं बाल शेम तोवची गोष्ट सांगितली. वर्षातला सगळ्यात कडक उपासाचा दिवस. गुराखी पोरगा, अक्षरओळख नाही. सगळे ग्रंथ उघडून बसलेले आणि याच्या खिशात पावा. बापानं दिवसभर हात धरून ठेवला. संध्याकाळी, शेवटच्या प्रार्थनेत, पोरानं हात सोडवून पावा वाजवलाच. लोक संतापले. बाल शेम तोव म्हणाला, आज आपल्या प्रार्थना वर चढत नव्हत्या, या पाव्यानं त्या नेल्या. कीर्तनकार बुवांनी मांडीवर थाप मारली आणि एवढंच विचारलं, ‘पोराचं गाव कुठलं? उत्तररंगाला लागेल.’ बुवांचं हे औत्सुक्य नवं नाही. १८८०च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएलांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत लावून कीर्तनं उभी केली होती, साकी-दिंडीसकट. हसिद इथे पोहोचण्याच्या शंभर वर्षं आधी गाण्याची वाट आपल्याकडच्या ज्यूंनी स्वतःच शोधली होती, हे काकूंनी त्या तरुणाला ऐकवलंच.

हसत हसत लिहायच्या या मजकुरात एक गोष्ट तशी लिहिता येत नाही. मुंबईत कुलाब्याला चाबादचं असंच उघड्या दाराचं घर होतं, नरिमन हाऊस. गॅव्रिएल आणि रिव्का होल्त्सबर्ग हे तरुण जोडपं २००३पासून ते चालवत होतं. २६ नोव्हेंबर २००८ला अतिरेकी तिथे घुसले. दोघं आणि त्यांचे पाहुणे मारले गेले. दोन वर्षांच्या आतबाहेरचा त्यांचा मोशे वाचला, कारण त्याची आया सँड्रा सॅम्युएल हिनं त्याला उचलून बाहेर काढलं. ते घर २०१४ साली परत उघडलं, आणि जेवणाची टेबलं परत मांडली गेली. काकांच्या घरी त्या तारखेला डायरी उघडली जात नाही.

सातारा-सांगलीला ज्यू माणूस नवा नाही, हेही काका सांगतात, आणि तिथे त्यांचा स्वर जरा तक्रारीचा होतो. मॉरिस फ्रिडमन हा वॉर्सात जन्मलेला ज्यू, पेशानं इंजिनिअर. तो भारतात आला, गांधीजींच्या मागे लागला, भारतानंद झाला, सुताकरता धनुष तकली बनवली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यांच्याबरोबर बसून त्यानं औंधच्या गावांना स्वराज्य देणारी घटना रचायला हात लावला. १९३९ साली राजानं सत्ता प्रजेच्या हाती दिली. औंध आज साताऱ्यात, त्याच संस्थानातलं आटपाडी आज सांगलीत. आटपाडीजवळ फ्रिडमनच्या पुढाकारानं कैद्यांची बिनभिंतीची वसाहत झाली, स्वतंत्रपूर. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कल्पना तिथून आली, आणि ती कथा लिहिणारे गदिमा त्याच तालुक्यातले. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेली तीही यानंच.

‘सगळं कबूल,’ काका म्हणतात. ‘राजा जमवला, पंचायती जमवल्या, खुनी-दरोडेखोर जमवले. एक मिन्यान तेवढं जमवलं नाही!’

मला वाटतं, इथे काकांचा हिशेब चुकतो. अनोळखी मुलखात दार उघडं ठेवून, पात्रता न विचारता माणसं बसवायची, हे हसिदांचं काम फ्रिडमननं हसिद न होता केलं, आणि काका तेच बेदाण्याच्या सरबतावर करताहेत. ज्यांना समाज उभा करायचा असतो त्यांतले बहुतेक आधी घटना लिहितात, वर्गणी ठरवतात आणि पदाधिकारी निवडतात. जेवण शेवटी, उरलेल्या पैशांतून. असे समाज दोन वार्षिक सभांत फुटतात. काकांच्या गटात अध्यक्ष नाही, म्हणून भांडण नाही. २०१६ साली महाराष्ट्रानं ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा मास्तरांनी संस्था नोंदवायची टूम काढली होती. काकांनी अर्ज आणला, ‘सभासद संख्या’ या रकान्याशी आले आणि पेन खाली ठेवलं. ज्यू लिहिले तर तीन, आणि जेवणारे लिहिले तर कार्यालय विचारणार, यातले अल्पसंख्याक कोण?

हे वाचणाऱ्यांत कोणी पुण्या-मुंबईचे बेने इस्राएल असाल, बदलीवर कऱ्हाड, वाई, मिरज अशा कुठल्याही गावी आला असाल, तर तिथल्या काकांचा शोध घ्या. तुम्ही नाही घेतलात तर ते तुमचा घेतील. त्यांच्या डायरीत तुमचं नाव बहुधा आहेच. आणि तुम्ही ज्यू नसाल, नुसती भूक लागली असेल, तरी बिनधास्त जा. फक्त फोन शुक्रवारी दिवस मावळायच्या आत करा. त्यानंतर शनिवारी रात्र पडेपर्यंत तो उचलला जात नाही.